गटाचं दप्तर लिहिणारी मी एकटीच, आणि जूनमध्ये गाव सोडतेय. काय करू?

दप्तरवाली (करवीर)

नमस्कार. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. मी बारावी झालेय. लग्न होऊन इथं आले त्याच्या दुसऱ्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी बचत गट काढला आणि "तुला लिवाय येतंय न्हवं, मग तूच सचिव हो" म्हणून दप्तराची, म्हणजे गटाच्या हिशेबाच्या वह्यांची, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. ९ वर्षं झाली, ती पिशवी अजून माझ्याच घरात आहे.

गटात आम्ही ११ जणी. दर रविवारी संध्याकाळी डेअरीला दूध घालून आलं की अंगणवाडीच्या पायरीवर बैठक. आठवड्याला ५० रुपये बचत, अंतर्गत कर्जाला शेकडा दीड रुपया व्याज. बँकेचं कर्ज दोनदा घेतलं, दोन्ही वेळा वेळेत फेडलं. भांडणं झाली, पण गट मोडला नाही.

आता अडचण अशी की येत्या जूनमध्ये आम्ही गाव सोडतोय. मिस्टरांची नोकरी चाकणला, दोन वर्षं ते तिकडं एकटेच राहतात, मुलांची शाळाही आता तिकडंच बघितलीय. बायकांना हे सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "म्हंजे आता गट बंदच म्हण की."

माझ्याशिवाय लिहिता येतं ते वैशूला. नववीत शाळा सुटली, आता ३१ वर्षांची आहे. काकू चौथी शिकल्यात, सही करतात, वाचतात पण ओळीवर बोट ठेवून. बाकी आठजणी अंगठा. वयं ४० ते ६२.

घरातले म्हणतात, शेजारच्या गावात कॉम्प्युटरची कामं करणारा एक पोरगा आहे, महिन्याला ३०० रुपये दिले की सगळं लिहून देईल. मला ते नको आहे. का नको, ते सांगते. ही गोष्ट मी अजून गटाबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

आमच्यात दोन शालन आहेत. एक शालन आक्का, एक शालन मामी. वहीत दोघींची नावं एकाखाली एक. आक्कांनी गोठ्यावर पत्रे घालायला १२,००० रुपये घेतले होते, मुद्दल महिन्याला हजार. एका बैठकीला लाइट गेली होती, मी मोबाइलच्या उजेडात लिहीत होते, आणि आक्कांचा हप्ता मामींच्या ओळीत पडला. सात महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मीच आक्कांना म्हटलं, तुमचा एक हप्ता राहिलाय. त्या म्हणाल्या, "न्हाई. माझं बारा झालं." मी वही पुढं केली. त्यांना वहीचा काय उपयोग! त्यांनी मला मनगटाला धरून गोठ्यात नेलं. दाराच्या आतल्या अंगाला भिंतीवर पानात खायच्या चुन्यानं, बोटानं ओढलेल्या रेघा. मोजल्या, बारा होत्या. दिवाळीला सगळ्या गोठ्याला पांढरा चुना मारला होता, तेवढी वीतभर जागा सोडून.

पुढच्या रविवारी मी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, माझी चूक सांगितली आणि दुरुस्त केली. कुणी एक शब्द बोललं नाही. "हुतंय गं, तू काय मुद्दाम केलीस व्हय." भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मामींच्या नावावर हजार रुपये जास्त जमा होते हे मामींनाही ठाऊक नव्हतं. माझ्या जागी वाईट मनाची कुणी असती तर या बायकांना कळलं कसं असतं? ही चूक आक्कांच्या रेघांमुळं निघाली. बाकीच्या दहाजणींच्या घरात अशी भिंत नाही.

म्हणून विचारते. जानेवारी संपत आला, पाच महिने हातात आहेत. चाळिशी-साठीच्या बायकांना आपला व्यवहार आपण वाचण्याइतकं शिकवता येतं का? कुणी केलंय का? सुरुवात कुठून करायची, बाराखडीपासून की आकड्यांपासून? आमच्याकडं मागं एकदा रात्रीचा वर्ग निघाला होता, पाट्या वाटल्या आणि पंधरा दिवसांत बंद पडला. दिवसभर भांगलण करून आलेली बाई रात्री आठला पाटी घेऊन बसत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आणि वैशूला दहावीला बसायचंय. मला एकटीला गाठून सांगितलं, चारचौघांत बोलायला लाजते. तिच्यासाठी काय वाट आहे?

गारगोटीची सीआरपी

ताई, त्या पोराला ३०० रुपये देऊ नका. मी उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानात, सीआरपी (गटांना मदत करणारी कार्यकर्ती) आहे, भुदरगडच्या डोंगरवाड्यांवर फिरते. आमच्या दोन गटांनी हेच केलं. वही महिन्यातून एकदा त्याच्याकडं जायची, आठवडाभर तिथंच राहायची. हळूहळू बायका बैठकीला यायच्या बंद झाल्या, लेकरांच्या हाती पैसे पाठवायला लागल्या. पंचसूत्री आपण पाठ म्हणतो ना, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, दप्तर. शेवटचं सूत्र दुसऱ्याच्या घरी गेलं की पहिलं आपोआप सुटतं.

आता तुमच्या प्रश्नाला येते. त्या आठजणींना "अंगठा" म्हणू नका. उद्या सकाळी डेअरीच्या वाटेवर आक्कांना एवढंच विचारा, आज फॅट किती लागली?

त्या सांगतील. सहा पॉइंट चार, नाहीतर सहा पॉइंट सात. मशीनवर आकडा येतो तो त्या स्वतः बघतात. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, सगळे आकडेच असतात. दहा दिवसांच्या बिलात पाच रुपये कमी आले तर डेअरीच्या सचिवाला जाब विचारतात. त्यांना वाचता येतं ताई, पण इंग्रजी आकडा. आणि आपण दप्तर लिहितो मराठी आकड्यांत! आपला मराठी एक त्यांना इंग्रजी नवासारखा दिसतो. आपण शंभर लिहिलं तर त्यांना नऊशे वाटतं. मग त्या म्हणतात, आम्हाला न्हाई कळत, तूच बघ. मला ही गोष्ट कळायला तीन वर्षं लागली. तोवर मी बायकांना मराठी अंक गिरवायला लावत होते आणि त्या दर आठवड्याला पहिल्या पायरीवर यायच्या.

तुमचं रजिस्टर पुढच्या रविवारपासून इंग्रजी आकड्यांत करा. बँकेचं पासबुक, मोबाइल, गॅसची पावती, सगळीकडं तेच आहेत. मराठी आकडे नंतर आपसूक येतात. आता चालणाऱ्या नव्या नोटा बघा, एकाच नोटेवर इंग्रजी पाचशे आणि मराठी पाचशे दोन्ही छापलेत. आम्ही बैठकीत जमलेल्या बचतीतल्याच नोटा मधे मांडतो आणि जोड्या लावतो. शून्य, एक, दोन, पाच तिथंच झाले. बाकीचे भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

पाटी आणू नका. पाटी बघितली की त्यांना शाळा आठवते, आणि शाळेत त्यांना कुणी पाठवलंच नव्हतं. दुधाची पावती आणि स्वतःचं गटाचं पासबुक, बस. बैठकीत पैसे देताना प्रत्येकीनं आपल्या पासबुकात आपली रक्कम आपण लिहायची. वैशूनं बघायचं आणि टिक करायची. आठवड्याला एक आकडा लिहायचा आहे, एका मिनिटाचं काम. तरी हात थरथरतो. आमची एक मावशी ५७ वर्षांची, दिवसभर खुरपं चालवणारी बाई, पेन हातात दिलं तर घाम फुटला. जाड रेफिलचं पेन द्या, बारीक पेन त्यांच्या बोटांत बसत नाही.

आकडे बसले की नावं. बाराखडी नाही, तर गटातल्या ११ नावांची अक्षरं. स्वतःचं नाव आधी, मग शेजारणीचं. ११ नावं ओळखता आली की रजिस्टर उघडलं. दोन शालनसाठी नावापुढं सभासद क्रमांक घाला, हे तर आजच करा.

पाच महिन्यांत आठच्या आठ जणी दप्तर लिहायला लागतील असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं बाराजणींच्या गटात चौघी लिहितात, सहाजणी आपली ओळ वाचतात, दोघींना नकोच होतं. पण आपली ओळ वाचणाऱ्या सहाजणी बसल्या असताना चूक सात महिने टिकत नाही.

कागलचा संदीप

सीआरपी ताईंबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझी आई गटात आहे, ५५ वर्षांची, गुडघे दुखतात, दोन म्हशी, वैरण, धाकट्या बहिणीचं बाळंतपण. तिच्या डोक्यावर आता शिकण्याचं ओझं कशाला? गटांची माहिती सरकारच्या लोकओएस अ‍ॅपवर भरली जातेच. सुना-लेकी शिकलेल्या आहेत, त्या लिहितील. आईच्या पिढीनं खूप केलं, त्यांना आता सुखानं बसू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

गारगोटीची सीआरपी

संदीपदादा, आईची काळजी आहे म्हणून लिहिलंत, राग नाही. पण लोकओएसवर मी भरते ती माहिती वर जाते. ती आईसमोर येत नाही. आईसमोर येतं ते पासबुक. आणि सुनेनं लिहायचं म्हटलं तर सासूनं कर्ज किती घेतलं, कशाला घेतलं, हे घरात लगेच कळतं. काही बायकांना ते कळू द्यायचं नसतं. माहेरच्या भावाला दिलेले दोन हजार, लेकीच्या तपासणीला दिलेले पाचशे. आपल्या पैशाचं एवढं खासगीपण तुमच्या आईलाही हवं असेल. एकदा विचारून बघा तिला.

शिरोळवहिनी

मी फक्त महापुराचं सांगते, ताई नदीकाठच्या आहेत म्हणून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावात पाणी शिरलं. घरं सोडून आम्ही छावणीत. आमच्या गटाचं दप्तर सचिवाच्या घरात लोखंडी पेटीत होतं. पेटी उंचावर ठेवली होती, पण पाणी तिच्याही वर चढलं. परत आलो तेव्हा पेटी उघडली तर वह्यांचा लगदा झालेला. शाई पसरून सगळं निळं. बँकेचं खातं बँकेत होतं, ते सापडलं. पण अंतर्गत कर्ज कुणाचं किती राहिलं, ते फक्त त्या वहीत.

तेरा बायका शाळेच्या व्हरांड्यात बसलो. चौघींनी आपली पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवून नेली होती, आणि त्यात त्यांनीच लिहिलेलं होतं. त्या चौघींचा हिशेब अर्ध्या तासात लागला. बाकीच्यांचा लागायला दिवाळी उजाडली, आणि एक बाई त्यावरून गट सोडून गेली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. खरी कोण होती हे मला आजही माहीत नाही, आणि माहीत व्हायला कागदच उरला नाही.

म्हणून पासबुक प्रत्येकीच्या घरी, प्रत्येकीच्या हातचं असू द्या. आणि महिन्यातून एकदा रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. २०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी आलं तेव्हा आम्हाला त्याच फोटोंचा आधार झाला.

आणखी एक. आमच्या गटाची कोषाध्यक्ष विधवा आहे. आधी ती बैठकीला मागं बसायची, कारण बैठक संपताना हळदीकुंकू व्हायचं. मे २०२२ मध्ये आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, मग शासनाचं परिपत्रकही निघालं. ते परिपत्रक तिनं स्वतः वाचून दाखवलं आम्हाला. अडखळत वाचलं, पण दुसऱ्या कुणाला वाचू दिलं नाही. त्या दिवसापासून ती पुढं बसते.

निवृत्त शाखाधिकारी

जूनमध्ये जाणार आहात म्हणून आधी बँकेचं काम सांगतो, कारण नेमकं हेच मागं राहतं आणि गटाचं खातं अडकतं.

सह्या करणाऱ्यांत तुमचं नाव असेल. बैठकीत पदाधिकारी बदलाचा ठराव घ्या, सर्वांच्या सह्या-अंगठे घ्या, ठरावाची प्रत, नव्या सचिवाची केवायसी कागदपत्रं आणि नमुना सही शाखेत द्या. मार्चअखेरीच्या गर्दीत जाऊ नका, फेब्रुवारीत उरका. केवायसी सगळ्या सभासदांची मागितली तर नम्रपणे सांगा की गटाच्या बचत खात्यासाठी पदाधिकाऱ्यांची पुरते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. आणि जाताना पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर सह्या करून ठेवू नका. माझ्या नोकरीत मी हे चांगल्या मनाच्या बायकांकडून झालेलं पाहिलंय, आणि त्याचे परिणामही.

अंगठ्यानं खातं चालतं, त्यात कमीपणा काही नाही. पण जी बाई सही शिकेल तिनं एकच सही पक्की करावी. आज पूर्ण नाव, उद्या नुसतं पहिलं नाव, असं झालं की काउंटरवर सही जुळत नाही आणि बाई सगळ्यांदेखत ओशाळते. वहीत शंभरदा एकसारखी आली की मगच शाखेत नमुना बदलायला जा.

दुसरं. बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि त्यासाठी गटाच्या बचत खात्यातली रक्कम अडकवून ठेवता येत नाही. हा नियम बायकांना तोंडपाठ हवा. पण अडकवलेली रक्कम ओळखायची तर पासबुकातली शिल्लक आणि हातात मिळणारी रक्कम यांतला फरक वाचता यायला हवा. सीआरपी ताई म्हणतात तो आकडा इथं कामाला येतो.

कुलकर्णी गुरुजी (निवृत्त, जिल्हा परिषद)

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वैशूच्या वाटेविषयी लिहितो.

१७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. किमान पाचवी उत्तीर्ण आणि वय १४ पूर्ण, एवढी अट. वयाची वरची मर्यादा नाही. अर्ज ऑनलाइन, बहुधा पावसाळ्यात सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला. तो तिच्या माहेरच्या शाळेत असेल. आत्ताच काढा, जुलैची वाट पाहू नका. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, हा घोळ हमखास निघतो आणि त्यात दिवस जातात. फॉर्म भरताना संपर्क केंद्राची शाळा निवडायची असते. जवळची निवडावी, तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकं तिथंच असतात.

बाकीच्या आठजणींसाठी उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. १५ वर्षांवरील कोणीही असाक्षर व्यक्ती त्यात नाव नोंदवू शकते. नोंदणी गावच्या शाळेतूनच होते आणि शिकवणारा स्वयंसेवक गावातलाच असतो, म्हणजे तुम्ही किंवा वैशू. परीक्षा १५० गुणांची: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. १७ मार्च २०२४ ला आपल्या राज्यात ती झाली तेव्हा मी एका शाळेत मदतीला होतो. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ५, त्यात आपल्या सवडीनं यायचं. एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या, पेपर अर्धा लिहिला, नातू झोपला तेव्हा पुढचा लिहिला. मी तीन तपं शिकवलं, पण त्या दिवशी मला जो आनंद झाला तो वेगळा होता.

आपल्या तालुक्याचा एक धागा सांगतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या योजनेतली पहिली शाळा ४ मार्च १९१८ ला करवीर पेट्यातल्या चिखलीत सुरू झाली, म्हणजे तुमच्याच टापूत. इतकं होऊनही शंभर वर्षांनी त्याच नदीकाठी आठजणी अंगठ्यावर आहेत आणि त्यांतली एक चुन्याच्या रेघा ओढते, हे वाचून मला शिक्षक म्हणून वाईट वाटलं. त्या मुली माझ्याच काळात सातव्या-आठव्या वर्षी म्हशींमागं गेल्या. आम्ही पट भरला की समाधान मानत होतो.

पण रेघा ओढणारी बाई अडाणी नसते हेही खरं. साताऱ्याकडच्या म्हसवडचं उदाहरण सर्वांना माहीत असेल. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं, पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तुमच्या आक्कांना हे जरूर सांगा. शेकडा दीडचा हिशेब त्या मनातल्या मनात करत असणार, मी पैजेवर सांगतो.

दप्तरवाली (करवीर)

सगळ्यांचे खूप आभार. गुरुजी, पैज जिंकलात. आज आक्कांना विचारलं, आठ हजारांचं दीड टक्क्यानं महिन्याचं व्याज किती? वैरण तोडता तोडता म्हणाल्या, "एकशे ईस. का गं, कोण मागालंय?"

आणि सीआरपी ताई, फॅटचं विचारलं. सहा पॉइंट सहा. पावतीही काढून दाखवली, कमरेच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. मी म्हटलं, आक्का, हे तुम्ही वाचलंत. तर म्हणाल्या, "हे वाचणं न्हवं, ही डेअरी हाय." मला तिथंच रडू आलं. नऊ वर्षं मी त्यांना वही दाखवत होते आणि त्यांना न येणारे आकडे लिहीत होते. रविवारपासून बदलते. बँकेचा ठरावही घेते. होईल तसं इथंच कळवेन.

दप्तरवाली (करवीर)

मे महिना. सांगितल्याप्रमाणं कळवते.

सभासद क्रमांक घातले, आक्का ४ आणि मामी ५. रजिस्टर इंग्रजी आकड्यांत केलं. पहिल्या तीन रविवारी बैठक दुप्पट लांबली, दोघी-तिघी कुरकुरल्या, एकदा काकूंनी पेन ठेवून दिलं, "दूध घालून आलोय, आता ह्यो अभ्यास कशाला" म्हणून. चौथ्या रविवारी मी मुद्दाम काही बोलले नाही. मामींनी स्वतःहून पासबुक पुढं ओढलं.

आजचा हिशेब असा: वैशू दप्तर लिहिते. काकू आणि आणखी दोघी बचतीचा रकाना भरतात, पाळीपाळीनं. चौघी आपली ओळ शोधून वाचतात. दोघींना अजून जमत नाही. त्यांतल्या एकीला दिसतच नाही नीट, हे यातूनच कळलं. चष्म्यासाठी कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेऊन आणलं, मोतीबिंदू निघाला. इतकी वर्षं आम्ही समजत होतो तिला शिकायची आवड नाही.

मार्चमध्ये एकदा वैशूकडून एकीची बचत लिहायची राहिली. त्याच बैठकीत, पैसे पिशवीत जायच्या आधी, मामी म्हणाल्या, "सातच्या म्होरं कायच न्हाई." बघितलं तर खरंच रिकामं. वैशू लाजली आणि मला मात्र इतका आनंद झाला की मी पेढे वाटले. बायका म्हणाल्या, चूक झाली म्हणून पेढे वाटणारी तू पहिलीच.

बँकेत ठराव, नमुना सही झालं. वैशू सचिव. तिचा दाखला माहेरच्या शाळेतून आणला. गुरुजी म्हणाले तसंच, नावाच्या स्पेलिंगमध्ये आधारशी फरक निघाला, तो दुरुस्तीला टाकलाय. आता ती गल्लीत उघड सांगते, मी दहावीला बसतेय. तिची थोरली पोरगी यंदा आठवीत गेली, दोघी एकाच कंदिलाखाली... म्हणजे एकाच बल्बखाली बसतात, लाइट असली की.

आक्कांचं सांगते. त्यांनी एप्रिलमध्ये पहिल्यांदा पासबुकात ५० लिहिले. पाच उलटा आला. खोडू दिला नाही, "ऱ्हाऊ दे, कळतंय न्हवं?" नंतर सरळ यायला लागला. गोठ्यातल्या रेघा मात्र चालूच आहेत, नव्या कर्जाच्या. म्हटलं, आता वही आहे की. तर म्हणाल्या, "दोनीकडं जुळलं की मग ठरवू."

एकच अडचण राहिली. बाजारातल्या रजिस्टरचे रकाने फार अरुंद. आक्कांचा एक आकडा तीन ओळी खातो आणि मग मामींच्या जागेत जातो, परत तोच घोटाळा व्हायचा. मोठ्या रकान्यांचं रजिस्टर कुठं मिळेल?

गारगोटीची सीआरपी

विकत मिळत नाही ताई, आम्ही पण शोधलं. लांब कोऱ्या फुलस्केप वह्या घ्या, आडव्या धरा आणि पट्टीनं रकाने आखा. एका पानावर ११ नावं, ओळ दोन बोटं रुंद. पान भरायला एक महिना लागतो. आखायचं काम आक्कांना द्या, रेघा त्यांच्या सरळ येतात.

दप्तरवाली (करवीर)

आणल्या चार वह्या. उद्या रविवार आहे.